साक्षीचे कागद कोणाच्या मालकीचे?

मीरत कटाच्या खटल्यात कॉम्रेड डांगे, मिरजकर, घाटे, अधिकारी प्रभृतींनी आरोपीच्या पिंजऱ्यातून केलेली निवेदने आज आपण वाचू शकतो, याचे श्रेय ब्रिटिश न्यायाच्या औदार्याला नाही. 1929 ते 1933 या काळात साम्राज्यशाहीला कम्युनिस्टांविरुद्ध पुरावा हवा होता. म्हणून तिने कागद टिपले, छापले व जपले. राज्यकर्त्यांना गरज असली की दप्तर कसे टिकते, हे त्यावरून कळते.

शेतमजुराची साक्ष मात्र तशी टिकत नाही. सत्र न्यायालयात साक्ष सामान्यतः प्रश्नोत्तरांच्या नव्हे, निवेदनाच्या स्वरूपात लिहिली जाते. जुन्या फौजदारी संहितेतील ही तरतूद 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश सांगतात, लघुलेखक टिपतो. साक्षीदाराला अडवून विचारलेला कुत्सित प्रश्न, त्याची चाचरलेली भाषा हे सारे त्या गाळणीतच अडकते. ध्वनिचित्रमुद्रणाची मुभा आहे, सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयात फेब्रुवारी 2023 पासून घटनापीठापुढील वकिलांचे युक्तिवाद यंत्राद्वारे शब्दशः उतरवले जाऊ लागले. तालुक्याच्या कोर्टातील विधवेच्या शब्दांना तो मान नाही.

आणि जे लिहिले गेले, ते तरी किती दिवस राहते? न्यायालयीन कागद नष्ट करण्याचे नियम उच्च न्यायालये आजवर 1917 च्या वसाहतकालीन कायद्याच्या आधारे करीत आली आहेत. दप्तर हरवल्याचे परिणाम गंभीर असतात. 2023 साली एका रेल्वे कर्मचाऱ्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण खालच्या न्यायालयाचे दप्तरच उपलब्ध नव्हते आणि त्याविना उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली होती. येथे लाभ आरोपीला मिळाला. अत्याचाराच्या खटल्यातले दप्तर गहाळ झाले, तर तोच लाभ जमीनदाराला मिळेल!

खापर मात्र लघुलेखकावर फोडू नये. तोही वेतनावर राबणारा, कामाच्या ओझ्याखाली दबलेला कर्मचारी आहे. त्याच्या वहीसाठी कपाट, जागा व मुदत देणे हे शासनाचे कर्तव्य होय. शेवटचे अपील निकालात निघेपर्यंत लघुलेखनाची मूळ टिपणे व ध्वनिमुद्रणे जपली जावीत. उभय पक्षांना सूचना दिल्याविना एकही कागद नष्ट होऊ नये. साक्षीदाराला त्याच्या जबानीची प्रत विनामूल्य मिळावी. दलितांवरील अत्याचार, जातीय दंगली व संपांतील गोळीबार यांची दप्तरे तर मुदतीच्या हिशेबात धरूच नयेत. ती कायमची अभिलेखागारात गेली पाहिजेत. शेतमजूर व कामगार संघटनांनी आपल्या जिल्ह्यात कोणते दप्तर शिल्लक आहे, याची चौकशी आतापासूनच सुरू करावी.