खर्जाची तार

मिरजगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला मिरज आठवते. प्रशिक्षणाला गेलं की हमखास कुणीतरी विचारतं, ‘मग तुमच्याकडे गाणं-बजावणं भरपूर असेल?’ मिरज तिकडे सांगली जिल्ह्यात. आम्ही कर्जत तालुक्यात, नगर-सोलापूर रस्त्यावर. आमच्याकडे गाणं म्हणजे लग्नातला डीजे आणि कुठल्या तरी उरुसातली कव्वाली. रात्रभराच्या मैफिलीसाठी परगावी जायची सोय आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांना नाही, आणि खरं सांगायचं तर पुरुषांनाही तेवढी हौस नाही. त्यामुळे आमच्यासारख्यांचं ऐकणं घरातच व्हायचं. म्हणूनच ते कसं होतं, याला महत्त्व आहे.

फोनच्या स्पीकरवर ऐकलेलं गाणं अर्धं असतं. पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण सत्तर हर्ट्झच्या आसपास बोलते. नखाएवढ्या स्पीकरला तो आवाज काढताच येत नाही. वरचे सूर ऐकून मेंदू खालचा सूर स्वतःच जुळवून घेतो, म्हणून आपल्याला काही हरवल्यासारखं वाटत नाही. पण एखादा जुना ॲम्प्लिफायर, लाकडी पेटीतले दोन स्पीकर आणि फोनमधले आकडे आवाजात बदलणारी डॅक नावाची छोटी डबी एवढं जमलं, की खोलीतली हवाच बदलते. लाखभर रुपये लागतात हा समज दुकानदारांनी पसरवलेला आहे. एक मात्र पाळा: फोन वायरने जोडा. ब्लूटूथवर आवाज पुन्हा दाबला जातो आणि सीडीच्या दर्जाचं, म्हणजे 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग लावूनही फायदा होत नाही.

मग लावा उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा, 1960 सालच्या एलपीवरचा. या गायकीत घाई नाही. मंद्र सप्तकात एकेक सूर असा ठेवलेला असतो की मागचा तानपुरा ऐकू आला नाही तर तो सूर कशावर उभा आहे तेच कळत नाही. हा तानपुरा बनतो कुठे? पुष्कळदा मिरजेतच. पंढरपूरकडचे भोपळे, सितारमेकर घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कारागिरी, घोडीवर दोरा सरकवून जवारी काढणारे हात. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात बातमी आली आणि आपण ती वाचून पान उलटलं. ती जवारी म्हणजे काय, हे मला पेपरातून कळलं नाही. चांगल्या रेकॉर्डिंगमधून कळलं.

इथे माझी एक तक्रार आहे. ‘रीमास्टर्ड’ असं लिहिलेलं प्रत्येक रेकॉर्डिंग चांगलं नसतं. 78 आरपीएमच्या तबकडीची खरखर घालवायच्या नादात तानपुऱ्याची आसही घालवलेली असते आणि गायक जणू कापूस भरलेल्या खोलीत गात असतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या 1930 च्या दशकातल्या तबकड्यांच्या अशा साफ करून पुसून टाकलेल्या प्रती भरपूर फिरतात. शोधलं तर खरखरीसकट असलेली प्रतही सापडते. मी तीच घेते. जेमतेम तीन मिनिटांची तबकडी, पण त्यांचीच झिंझोटी एका दुकानात ऐकून लहानग्या भीमसेन जोशींनी गाणं शिकायला घर सोडलं होतं.

उर्दू शिकवणाऱ्यांसाठी तर हा मामला आणखी जवळचा. शीन-काफ दुरुस्त असणं म्हणजे काय, ते फळ्यावर लिहून सांगता येत नाही. ‘जीम’ आणि ‘झे’, ‘काफ’ आणि ‘बडा काफ’ यांतला फरक बारीक आवाजांत असतो, आणि दाबलेल्या फाइलीत आधी तेच झिजतात. बेगम अख्तर नीट ऐकल्या की गजलेतला प्रत्येक हर्फ वेगळा उभा राहतो. वर जाताना त्यांचा आवाज जिथे किंचित फुटतो, त्या जागेआधीचा श्वासही ऐकू येतो. मराठी शाळेतून उर्दूकडे येणाऱ्या मुलांना मी हेच ऐकायला सांगते.

आता नेहमीचा प्रश्न: हे सगळं जायज आहे का? उलेमांमध्ये यावर शतकांचे मतभेद आहेत आणि फतवा देणं माझं काम नाही. ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी ऐकू नये. ‘गाणं आपलं नाहीच’ हे मात्र मला मान्य नाही. 1937 मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना अब्दुल करीम खाँ वारले. त्यांना मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केलं. आजही उरुसात तिथे त्यांच्या आठवणीत गाणं होतं आणि गायला-ऐकायला सगळ्या जातिधर्माचे लोक बसतात.

‘आपलं नाहीच’ म्हणणाऱ्यांना स्ट्रीमिंगवाले नकळत मदत करतात. पडद्यावर गायकाचं नाव येतं, कंपनीचं येतं. तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, काही नाही. एलपीच्या पाठीमागे निदान ते छापलेलं असायचं. मराठी रंगभूमीचं लाडकं दैवत बालगंधर्व. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते आणि सारंगीला कादरबक्ष. नाट्यसंगीताचा मराठी संसार या दोन माणसांच्या बोटांवरही उभा होता. आज बालगंधर्वांचं पद लावा आणि साथीदारांची नावं शोधून दाखवा. सारंगिये आणि तबलजी यांच्यात मुसलमान घराणी फार मोठ्या संख्येने होती, त्यामुळे ही गाळलेली ओळ कोणाच्या वाट्याला जास्त येते ते उघड आहे. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. माहितीच्या रकान्यात जागाच ठेवली नाही, एवढंच.

जागा करता येते. ज्यांच्या घरी वडिलांच्या एलपी अजून कपाटावर पडल्या आहेत, त्यांनी भंगारवाल्याला देण्याआधी पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो काढावा. माझी एक वही झाली आहे: राग, गायक, साल, तबला, सारंगी, तानपुरा. तानपुऱ्याचा रकाना जवळजवळ रिकामाच आहे.