जुन्या हॉटेलात राहायचं तर

चिपळूणहून खालाजान मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्यात आल्या. आमच्या दोन खोल्यांत आधीच सात माणसं, म्हणून हॉटेल शोधणं आलं. त्यांची अट एकच: जुनी इमारत, उंच छत, व्हरांडा. निकाहनंतर खालूजान त्यांना पुण्यात अशाच एका हॉटेलात घेऊन आले होते.

रेल्वे पुण्यात आली १८५८ साली, स्टेशनची सध्याची इमारत १९२५ ची. जुनी हॉटेलंही याच भागात. स्टेशनसमोरचं नॅशनल, साधू वासवानी रस्त्यावरचं रिट्झ. नॅशनलचे व्हरांडे पाहून आम्हीही भुललो. पण खालाजानचे गुडघे! जुन्या इमारतीत लिफ्ट नसणार हे धरूनच चालावं. तेव्हा भाड्याआधी विचारलं: तळमजल्यावर खोली आहे का? कमोड आहे का? फज्रच्या वजूला गरम पाणी मिळेल का? (ऑपरेशननंतर डोळ्याला पाणी लावायचं नव्हतं, तो प्रश्न वायाच गेला.)

अखेर तळमजला मिळाला तिथे गेलो. छत बेताचंच, पण व्हरांडा होता. डोळ्यावर पट्टी घेऊन खालाजान संध्याकाळभर तिथेच बसल्या. खालूजानसोबतचं हॉटेल कोणतं, ते मात्र त्यांना काही केल्या आठवेना.