जड पाण्याचा भार कुणाच्या डोक्यावर?

पूर्वीच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर शहराला पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचे पाणी मिळते, असे कागद सांगतात. पण वर्षानुवर्षे या शहराच्या बहुसंख्य नळांना रोज पाणी आलेले नाही. मधले दिवस कसे काढायचे? ज्यांच्या खिशात पैसा आहे ते टँकर आणि जार मागवतात. ज्यांच्या खिशात नाही त्यांच्या वाट्याला बोअरचे पाणी येते. कुठे हातपंप, तर कुठे बोअरवर मोटार बसवून टाकीला लावलेल्या तोट्या. तोटी फिरवली की पाणी पडते, म्हणून त्यालाही नळच म्हणायचे!

हे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘दुष्फेन’ म्हणतात. काळ्या खडकाच्या भेगांतून मुरताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. हे क्षार साबणाला धरतात आणि फेसाऐवजी साका तयार होतो. कपड्यांवर बट्टी झिजते, पण मळ निघत नाही. पांढरा सदरा महिनाभरात मळकट दिसू लागतो. केस राठ होतात, न्हाल्यावरही अंग चिकट वाटते. हंड्याला, तपेल्याला पांढरा थर चढतो. थर चढलेले भांडे उशिरा तापते, म्हणजे गॅस जास्त जळतो. तुरीची डाळ तर अशा पाण्यात लवकर शिजतच नाही. घरातली माऊली मग चिमूटभर सोडा टाकते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजत बसते.

वरवर पाहता या किरकोळ तक्रारी वाटतील. पण हिशेब मांडून पाहा. साबण जास्त, गॅस जास्त, कपडे लवकर विटणार आणि धुणाऱ्या हातांचे कष्ट दुप्पट. हा एक न छापलेला कर आहे. तो ज्याची मिळकत कमी त्याच्याकडूनच वसूल होतो, आणि त्याची पावती कोणी देत नाही. दुसऱ्याची धुणीभांडी करून घरी परतलेल्या बाईला स्वतःच्या घरची धुणीभांडी या पाण्याने करावी लागतात. हा कर तिच्या मनगटातून वसूल होतो!

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जड पाणी म्हणजे विष नव्हे. नुसत्या जडपणामुळे आरोग्याला मोठा धोका होतो, असे जागतिक आरोग्य संघटनाही मानत नाही. म्हणून भीती दाखवून महागडी यंत्रे गळ्यात मारणाऱ्यांपासून सावध राहावे. खरा धोका डोळ्यांना न दिसणारा आहे. जेथे गटारे फुटकी आणि शौषखड्डे उघडे आहेत, तेथे बोअरच्या पाण्यात नायट्रेट उतरू शकते. तान्ह्या बाळाला ते घातक आहे. तुरटी फिरवून ते जात नाही, क्लोरीनने जात नाही. उकळल्याने तर पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते. पांढरा थर निदान दिसतो, नायट्रेट दिसत नाही. ते कळण्यासाठी तपासणीच करावी लागते.

आयएस १०५०० हे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आहे. त्यात जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. ६०० पर्यंतची सवलत आहे, पण ती दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तरच! ज्या शहराच्या उशाला नाथसागर आहे, त्या शहराच्या महानगरपालिकेला ही सवलत कोणत्या तोंडाने सांगता येईल? स्रोत आहे. तो वस्तीपर्यंत पोहोचत नाही, एवढेच. नायट्रेटच्या ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेला तर कसलीच सवलत नाही.

याच शहरात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला गुलामगिरीतून वर आलेल्या मलिक अंबरने जमिनीखालून नहरी आणून पाणी खेळवले. तेव्हा ना वीज होती, ना पंप. आज दोन्ही आहेत. कमी आहे ती इच्छेची.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते केवळ तहान भागवण्यासाठी नव्हे. सार्वजनिक पाण्यावर माणूस म्हणून आमचाही समान हक्क आहे, हे त्यांना सिद्ध करायचे होते. पुढे संविधानाच्या कलम १५ ने विहिरी, तळी आणि घाट यांच्या वापरात भेदभावाला मनाई केली. आता शहरात पाणवठ्यावर सहसा कोणी उघडपणे अडवत नाही. पण एका वस्तीला धरणाचे गोड पाणी आणि दुसरीला बोअरचे जड पाणी, ही वाटणी काय सांगते? पाणवठा खुला झाला, पण पाणी वेगळे झाले! बाराव्या अनुसूचीनुसार घरगुती पाणीपुरवठा हा नागरी संस्थांचा विषय आहे. ती मेहरबानी नाही.

तेव्हा बांधवांनो, नुसती कुरकुर करून भागणार नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५ मध्ये झाला. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा. आमच्या वस्तीच्या बोअरचे पाणी शेवटचे कधी तपासले, जडपणा किती, नायट्रेट किती, आणि जायकवाडीचे पाणी आमच्या वस्तीला महिन्यातून किती दिवस सोडले, एवढेच विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आलेले उत्तर विहाराच्या, समाजमंदिराच्या फलकावर लावा. ज्या मायबहिणी रोज हे पाणी भरतात, त्यांनाच वाचून दाखवा. नगरसेवक मत मागायला आला की तोच कागद त्याच्या हाती द्या. तोंडी तक्रार हवेत विरते, पण आकड्यांना उत्तर द्यावेच लागते.

पाणी जड आहे. ते वाहणाऱ्या डोक्यांनी आता प्रश्न विचारला पाहिजे.