बर्धन कुणाचे? कामगारांचे!



मराठी राज्याची गोष्ट निघाली की एक सवाल हटकून कानावर येतो: मराठी राज्यात बाहेरून आलेल्या माणसाचं काय? आम्ही म्हणतो, उत्तर नागपूरच्या मिलच्या गेटावर शोधा. त्या उत्तराचं नाव कॉम्रेड अर्धेंदु भूषण बर्धन.

बर्धन जन्माने बंगाली. १९२४ साली बारिसालला जन्मले. ते गाव आज बांगलादेशात आहे. पंधराव्या वर्षी नागपुरात आले आणि इथलेच झाले. १९४५ साली नागपूर विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झाले. अर्थशास्त्रात एम. ए. केलं, कायदाही शिकले. काळा कोट चढवला असता तर बंगला बांधता आला असता. पण त्यांनी गिरणी, वीज, रेल्वे आणि संरक्षण खात्यातल्या कामगारांची संघटना हाती घेतली. चार वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढला. आमच्याशी ते बोलले ते आमच्याच मराठीत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले. नागपूरची राजधानी गेली. सगळीकडे भाषेवरून रान पेटलेलं. अशा वेळी, १९५७ सालच्या निवडणुकीत, नागपूरकरांनी या बंगाली माणसाला अपक्ष म्हणून मुंबई विधानसभेत पाठवलं! तुझी आई कोणती भाषा बोलते, असं मतपेटीने विचारलं नाही. तू कुणाच्या बाजूचा, एवढंच विचारलं.

आता थोडं घरातलं बोलू. हेच बर्धन १९६७ आणि १९८० साली नागपुरातून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. दोष कुणाचा? दुसऱ्याकडे बोट दाखवणं सोपं आहे. पण पाळी सुटल्यावर गेटावर झिंदाबाद एकाचा करायचा, आणि मताच्या दिवशी जात-पात, ओळख-पाळख पाहून शिक्का दुसऱ्यावर मारायचा, ही खोड आमच्यात आहे की नाही? छातीवर हात ठेवून सांगा भाऊ!

बर्धन पडले, पण घरी बसले नाहीत. आयटकचे सरचिटणीस झाले. १९९६ ते २०१२ भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होते. दिल्लीत पक्षाच्या कचेरीतच राहिले. २ जानेवारी २०१६ रोजी, ९१ व्या वर्षी गेले.

१ मे १९६० रोजी मराठी राज्य झालं. ते लढूनच मिळालं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ साली बंद पडली, तेव्हाही राज्य मराठीच होतं ना? गेटावरची नोटीस मराठीत लागली म्हणून चूल पेटत नाही.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. मराठी राज्य म्हणजे मराठीत चालणारा कारभार, आणि तो कष्टकऱ्याच्या बाजूने चालणारा कारभार. यातलं एक सोडलं तर दुसरं लंगडं. उद्या जो कुणी मत मागायला येईल, त्याला गाव-आडनाव विचारू नका. विचारा, भोंगा बंद झाला तेव्हा तू कुठे होतास?

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!