चिपीचे गाऱ्हाणे

कोकणातील देवळांत गाऱ्हाणे घालण्याची एक रीत आहे. मानकऱ्याने देवासमोर उभे राहून जे मागावयाचे ते स्पष्ट शब्दांत मागावयाचे आणि जमलेल्या मंडळींनी वाक्यागणिक ‘होय महाराजा’ म्हणून त्यास दुजोरा द्यावयाचा. ह्या रीतीत एक गोष्ट गृहीत असते: आपले म्हणणे ऐकणारा कोण, हे गाऱ्हाणे घालणारास ठाऊक असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी-परुळे येथील विमानतळाविषयी तक्रार मांडू गेल्यास पहिली अडचण नेमकी येथेच येते. प्रकल्प महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, बांधणी व चालवणूक खाजगी कंपनीची, अनुदान केंद्राचे, त्यात पाचवा हिस्सा राज्याचा, विमान आणखी कोणाचे आणि नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे. पाचही जणांपुढे उभे राहून पाहावे. प्रत्येक जण सौजन्याने उरलेल्या चौघांकडे बोट दाखवितो. वकिलीच्या धंद्यात अशा प्रतिवाद्यांची आम्हांस सवय आहे. त्यांच्याविरुद्ध दावा बुडतो तो पुराव्याअभावी नव्हे, तर जबाबदार पक्ष कोण हेच कागदावर ठरलेले नसते म्हणून.

एका २०२४ सालाचाच हिशेब पाहावा. वर्ष उजाडले तेव्हा अलायन्स एअरची मुंबईची फेरी हा ह्या विमानतळाचा मुख्य आधार होता. १८ मार्च रोजी गोव्यात ठाणे असलेल्या ‘फ्लाय ९१’ ह्या नव्या कंपनीने बंगळूरची फेरी सुरू केली. पाठोपाठ हैदराबाद आले. गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. तिच्या आठवडाभर आधी, ३१ ऑगस्ट रोजी, पुण्याची फेरी सुरू झाली, तीही शनिवार-रविवारची. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, हारतुरे झाले, आणि कोकण आता आकाशमार्गाने देशाशी जोडले गेले असे आम्ही सर्वांनी ऐकले. मग ऑक्टोबर सरता सरता मुंबईची फेरीच बंद पडली, कारण अनुदानाची तीन वर्षांची मुदत संपली होती. वर्षअखेर स्थिती अशी की सिंधुदुर्गच्या माणसाने हैदराबादेस उडत जावे, बंगळुरास उडत जावे. पण ज्या मुंबईत त्याचा भाऊ गिरणगावात वाढला, मुलगी डोंबिवलीस दिली आणि आईचे औषधपाणी परळच्या इस्पितळात चालते, त्या आपल्याच राज्याच्या राजधानीस मात्र त्याने रात्रभर आगगाडीने जावे.

ह्या विमानतळाच्या आरंभीच्या समारंभांची जंत्री मनोरंजक आहे. १२ सप्टेंबर २०१८ रोजी, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, गणपतीची मूर्ती घेऊन एक लहान विमान चाचणीसाठी उतरले. ५ मार्च २०१९ रोजी, लोकसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, पहिले उद्घाटन झाले. विमान मात्र आले नाही. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी, नवरात्रात, दुसरे उद्घाटन झाले. त्या व्यासपीठावर मुख्यमंत्री व केंद्रीय मंत्री ह्यांनी एकमेकांस जे टोले दिले तेच लोकांच्या अधिक स्मरणात राहिले. विमानतळास बॅरिस्टर नाथ पै ह्यांचे नाव द्यावे ही मागणीही पुढे आली. वेंगुर्ल्याच्या ह्या सुपुत्राबद्दल आमच्या मनात अपार आदर आहे, आणि म्हणूनच वाटते की ज्यांनी संसदेत राजापूरची बाजू मांडताना आकडा आणि तत्त्व दोन्हींचा आग्रह धरला, त्यांचे नाव रिकाम्या धावपट्टीवर लिहिण्याची घाई कोणी करू नये.

आता मूळ दोषाकडे वळू. देवस्थानांच्या व्यवहाराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांस नंदादीपाचे दानपत्र माहीत असते. आमच्या पूर्वजांनी देवास समई वाहिली की ते तेथेच थांबत नसत. तेलाची तरतूद म्हणून माडांची बाग, भाताचा मळा किंवा काही रक्कम कायम लावून देत आणि दानपत्रात तसे स्पष्ट नमूद करीत. समई एकदा घडवावी लागते. तेल रोज लागते, हे त्यांस कळत होते. चिपीस समई भरघोस मिळाली. अडीच किलोमीटरची धावपट्टी, अडीचशेहून अधिक हेक्टर सडा, सुमारे ५२० कोटींचा खर्च, आणि खाजगी कंपनीशी ९५ वर्षांचा करार. तेलाची तरतूद मात्र तीन वर्षांची! जमीन देणारे चिपी-परुळ्याचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्यांसाठी जमिनीस मुकले. त्या जमिनीवर उतरणाऱ्या विमानाची हमी त्यांच्या मुलाची इयत्ता तीन वेळा बदलेपर्यंतची. असे दानपत्र आमच्या कोणत्याही संस्थानाच्या विश्वस्तांनी सहीसाठी पुढे ठेवले असते, तर गावच्या बैठकीने ते परत पाठविले असते.

ही तीन वर्षांची मुदत ‘उडान’ योजनेची आहे. पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्याहून दिल्लीस उडाले. योजनेची कल्पना वाईट नाही, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. कंपनीने निम्म्या जागा ठरीव दराने विकाव्या, तुटीची भरपाई सरकारने करावी, तीन वर्षे तो मार्ग त्याच कंपनीकडे राहावा आणि तेवढ्यात प्रवाशांस सवय लागून मार्ग आपल्या पायांवर उभा राहावा. परंतु तो उभा राहिला नाही तर काय, ह्या प्रश्नापाशी योजना मुकी होते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक ह्यांचा ह्या योजनेवरील अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेपुढे आला. पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर सेवा मुळी सुरूच झाली नव्हती. जे ३७१ सुरू झाले, त्यांपैकी तीन वर्षांची मुदत पुरी केली ११२ मार्गांनी. आणि मुदतीनंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकले होते अवघे ५४. चिपीचे तेल संपण्याच्या चौदा महिने आधी हे आकडे छापून सर्वांच्या हातांत होते. तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये जे घडले तो अपघात नव्हे. तारीख आगाऊ ठाऊक असलेली घटना होती. चौदा महिन्यांत राज्याने किंवा केंद्राने त्या तारखेची तजवीज केली नाही, हा आमचा आरोप आहे, आणि तो आम्ही जपून शब्द वापरून करीत आहोत.

प्रतिपक्षाची बाजू ऐकून घेणे आमच्या व्यवसायाचा धर्म आहे. पहिला मुद्दा मोपाचा. पेडण्याजवळचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटित झाला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे वाहतूक सुरू झाली. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग ह्या भागांस तो सोयीचा आहे, आणि तेथे जितकी विमाने येतात तितकी चिपीस कधीच येणार नाहीत. हे सर्व खरे. पण मग सरकारने तसे सांगावे! चिपी ही चूक ठरली, जिल्ह्याचा विमानतळ यापुढे मोपा, आणि मोपाहून कुडाळ, मालवण, कणकवली व देवगड येथे विमानांच्या वेळा धरून एस.टी.च्या गाड्या सुटतील, असा निर्णय जाहीर झाला तर आम्ही त्याच्याशी वाद घालू; निदान वाद घालण्यास काही हाती असेल. आज ना चिपी सोडली जाते, ना चालविली जाते. मालवणच्या वृद्धाने कोणत्या दिशेस तोंड करून बसावे हे त्याने स्वतःच ठरवावयाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो घेणारे लोक आमच्या आदरास पात्र आहेत. ते म्हणतात, विमान ही श्रीमंतांची चैन. आधी रस्ता करा, गाड्या वाढवा. मुंबई–गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि २०२४ सरले तरी पुरे झाले नव्हते. उच्च न्यायालयात त्यासाठी जनहितयाचिका चालवावी लागली. तेव्हा रस्त्याची मागणी आमचीही आहे. पण ‘आधी’ ह्या शब्दाला आमची हरकत आहे. रस्ता होईपर्यंत विमान नको म्हणणारास रस्ताही मिळत नाही आणि विमानही. हा कोकणाचा जुना अनुभव आहे. शिवाय प्रश्न चैनीचा आहे काय? आम्ही राहतो त्या बडोद्याच्या गोरवा भागात दोन-तीन पिढ्यांपूर्वी नोकरीसाठी आलेली कुडाळ-वेंगुर्ल्याकडील कितीक घरे आहेत. कुलदैवताचे दर्शन, घरच्या गणपतीची आरास, वडिलार्जित घराचा सातबारा, भावकीतील मर्तिक. ह्यांसाठी त्यांस गावी जावेच लागते. वसई रोडमार्गे कोकण रेल्वेने जाणे तरुणास जमते. पंचाहत्तरीच्या माणसास, गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या बाईस, हरणीच्या विमानतळावरून मुंबई आणि तेथून दीड तासाच्या आत चिपी, हा मार्ग मिळाला तर देव भेटतो. नाही तर देवाच्या तसबिरीवर भागवावे लागते. २०२१ साली मुंबईहून चिपीचे आरंभीचे भाडे २,५२० रुपये होते. ते श्रीमंतांचे भाडे नव्हे.

तिसरी सबब पावसाची, आणि येथे थोडे कायद्याचे बोलणे प्राप्त आहे. पहिल्या वर्षांत चिपीस रात्री विमान उतरविण्याची सोय नव्हती, धुक्यापावसात यंत्रांच्या आधारे उतरविण्याची पुरेशी साधने नव्हती. त्यामुळे ढग खाली आले की फेरी रद्द होई. महासंचालनालयाच्या नियमानुसार आयत्या वेळी रद्द झालेल्या एक ते दोन तासांच्या फेरीसाठी ७,५०० रुपये, अथवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, ह्यांतील कमी रक्कम भरपाई म्हणून मिळते. परंतु कारण ‘असाधारण परिस्थिती’चे असेल तर ती मिळत नाही, आणि हवामान त्यात मोडते. आमचा प्रश्न इतकाच की कोकणातील आषाढाचा पाऊस ही असाधारण परिस्थिती कशी? तो परशुरामापासून येत आहे. जी गोष्ट दरवर्षी ठरल्या नक्षत्रावर येते तिची व्यवस्था न करणे ह्यास कायद्यात निष्काळजीपणा म्हणतात. पूर्वी मुंबईहून मालवण-वेंगुर्ल्यास जाणाऱ्या आगबोटीही पावसाळ्यात बंद असत. पण त्या बंद कधी होतात हे पोरासोरांस ठाऊक असे, आणि कोणी भर श्रावणात तिकीट विकून धक्क्यावर उभे करीत नसे.

१९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्यात हवाई प्रवासी वाहतूक ही ‘सार्वजनिक उपयोगिता सेवा’ म्हणून गणली आहे. स्थायी लोक अदालतीपुढे तिच्याविषयी दाद मागता येते. म्हणजे विधिमंडळाच्या दृष्टीने पाणी, वीज, टपाल ह्यांच्या पंक्तीस विमान बसले आहे. पंक्तीस बसविल्यावर वाढप मध्येच थांबवून चालत नाही.

तेव्हा मागणे काय? वर्षभराचे वेळापत्रक आगाऊ प्रसिद्ध व्हावे. रद्द झालेल्या फेऱ्या व त्यांची कारणे दरमहा जाहीर व्हावी. अनुदान एका रात्रीत तोडू नये. आसने भरतील तसतसे उतरत्या क्रमाने कमी व्हावे, आणि मुंबई-सिंधुदुर्गपुरते तरी राज्याने ते आपल्या अंदाजपत्रकात धरावे. मुंबईस विमान उतरविण्यास जागा नाही ही तक्रार वर्षानुवर्षे ऐकली. आता नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटित होऊन २५ डिसेंबरपासून चालू झाला आहे. तेथील थोड्या वेळा कोकणासाठी राखून ठेवण्यास कोणाचे काय जाते?

आणि एक शब्द आपल्याच मंडळींस. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते. ती देवीच्या कौलाने ठरते. २०२४ साली ती २ मार्च ठरली, २०२५ साली २२ फेब्रुवारी. एकदा ठरली की त्या दिवशी लक्षावधी माणसे तेथे पोहोचतात, आणि त्या गर्दीत मंत्री, आमदार, खासदार झाडून सारे असतात. आमच्या देवस्थान समित्या त्यांस शाल आणि श्रीफळ देतात, छायाचित्र काढवितात, नव्या विमानसेवेच्या घोषणेस टाळ्या वाजवितात. ह्यापुढे समित्यांनी शालीआधी एक कागद मागून घ्यावा. त्यावर कोणत्या वारी, किती वाजता, कोठून विमान येणार आणि ते न आल्यास उत्तर कोण देणार, हे सहीनिशी लिहिलेले असावे. आणि तो कागद सभामंडपाबाहेरच्या फळ्यावर, जत्रेच्या तारखेशेजारी, वर्षभर लावून ठेवावा.