काळा आजार वेळेत ओळखण्याची सोय निलंगा तालुक्यात करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, लातूर.

मार्फत : मा. तालुका आरोग्य अधिकारी, निलंगा.

विषय : काळा आजार (लेशमॅनियासिस) आणि वाळूमाशीमुळे होणारे इतर ताप यांची तपासणी व प्रतिबंध.

महोदय,

काळ्या आजाराने बाधित असलेले देशातले ५४ जिल्हे बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशात आहेत. त्यांत लातूर नाही. त्या जिल्ह्यांतही २०२३ अखेर प्रत्येक विकास गटात दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, इथपर्यंत आजार खाली आणला गेला. मग निलंग्यातून हे निवेदन कशाला, असे आपणास वाटेल. इथे हा आजार नाही म्हणूनच ते देत आहोत. जो आजार इथे सहसा कोणी पाहिलेला नाही, तो एखाद्या रुग्णासोबत आला तर त्याचे नाव कोणाला चटकन सुचणार नाही.

बांधकामाच्या आणि रस्त्याच्या कामांवर त्या राज्यांतले मजूर आपल्याकडे येऊन राहतात. आपल्या गावांतली मुले सैन्यात, निमलष्करी दलांत तिकडे नोकरी करतात आणि सुटीला घरी येतात. हा आजार पसरवणारी वाळूमाशी चावल्यापासून ताप सुरू व्हायला साधारण दोन ते सहा महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तोवर माणूस शेकडो मैल दूर आलेला असतो.

ताप दोन आठवडे उलटले तरी जात नाही. गोळीने उतरतो, पुन्हा चढतो. भूक मरते, अंग वाळते, रक्त कमी होते, कातडी काळवंडते. डाव्या बरगडीखाली पाणथरी वाढून पोट पुढे येते. हिवतापाची तपासणी, विडाल, क्षयासाठी थुंकी असे एकेक कागद जमत जातात, सलाईन लागत राहते, मजुरी बुडते. उपचार झाला नाही, तर बहुतेक रुग्ण दगावतात. वेळेत ओळखला तर मात्र लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी या औषधाचा एकच डोस सलाईनमधून देऊन बहुतेकांना बरे करता येते. एवढे सोपे औषध असताना केवळ निदान न झाल्याने कोणी मरावे, हे आम्हाला सहन होणारे नाही.

म्हणून आमची मुख्य मागणी एका प्रश्नाची आहे. तालुक्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपजिल्हा रुग्णालयात, दोन आठवड्यांहून जास्त ताप असलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘गेल्या दोन वर्षांत कुठे कुठे राहिलात?’ हे विचारून लिहावे. उत्तर बाधित भागातले असेल आणि पाणथरी हाताला लागत असेल, तर त्याच दिवशी आरके-३९ ही झटपट तपासणी व्हावी. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर ती होते. हा आजार पूर्वी होऊन गेलेल्या माणसात ती बरे झाल्यावरही होकारार्थी येऊ शकते, म्हणून अशा रुग्णाला लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवण्याचे लेखी आदेश असावेत. औषध कुठे ठेवले आहे आणि कोणाच्या फोनवर मिळेल, हे प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला आधीच माहीत हवे. खासगी डॉक्टरांनाही या प्रशिक्षणाला बोलवावे, कारण तापाचा रुग्ण बहुधा आधी त्यांच्याकडेच जातो.

हा प्रश्न मजुरांवर संशय घेण्यासाठी वापरला जाऊ नये, असे आदेशात स्पष्ट लिहावे. हा आजार शिवल्याने किंवा एकत्र जेवल्याने पसरत नाही.

ताप बरा झाल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, काहींच्या अंगावर फिकट चट्टे किंवा गाठी येतात. माणूस ठणठणीत असतो, पण त्याच्या कातडीत जंतू असतात आणि वाळूमाशी ते दुसऱ्यापर्यंत नेऊ शकते. हे चट्टे कुष्ठरोगासारखे दिसतात. फरक असा की त्यांतली संवेदना शाबूत राहते. कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत आशाताई घरोघर जातातच. त्यांना हा फरक शिकवावा आणि पूर्वी असा ताप येऊन गेला का, हे विचारायला सांगावे.

वाळूमाशी आपल्याला परकी नाही. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून नाव पडलेला विषाणू तीच पसरवते. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात पकडलेल्या वाळूमाश्यांतही तो सापडला होता. २००३ मध्ये, तेव्हा शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशात त्याच्या साथीत ३२९ मुले आजारी पडली आणि १८३ दगावली. दोन्ही आजार एकाच जातीची माशी पसरवते असे नाही, म्हणून आपल्या तालुक्यात कोणत्या जाती आहेत याचे कीटकशास्त्रीय सर्वेक्षण पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात करावे.

ही माशी डासापेक्षा लहान असते, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरते आणि भिंतीवर टुणटुण उड्या मारत फिरते. तिची अंडी पाण्यात नसतात; ओलसर माती, शेण, पालापाचोळा आणि भिंतींच्या भेगा ही तिची जागा. त्यामुळे कोरडा दिवस पाळून ती कमी होणार नाही. १९९३ च्या भूकंपानंतर अनेक घरे सिमेंटची झाली, तरी दगड-मातीच्या भिंतींचे गोठे आणि जुने वाडे आपल्या गावांत आजही उभे आहेत. सर्वेक्षणात माशी आढळेल तिथे घरांच्या आणि गोठ्यांच्या आतील भिंतींवर जमिनीपासून सहा फुटांपर्यंत औषध फवारावे. गल्लीत धूर सोडून भागणार नाही. भिंतींच्या भेगा लिंपणे आणि उकिरडा घरापासून दूर नेणे यासाठी पंचायत समितीला आपल्या सहीचे पत्र जावे. मजुरांच्या पालांना बारीक जाळीच्या मच्छरदाण्या देण्यास ठेकेदारांना सांगावे.

वरील मागण्यांपैकी कोणत्या आपल्या अधिकारात आहेत आणि कोणत्या राज्य शासनाकडे पाठवल्या, हे ३० दिवसांत लेखी कळवावे, ही विनंती.

आपले नम्र,
निलंगा शहर व तालुक्यातील नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीस्तव :
१. मा. जिल्हा हिवताप अधिकारी, लातूर
२. मा. वैद्यकीय अधीक्षक, उपजिल्हा रुग्णालय, निलंगा
३. मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, निलंगा