पेपर फुटला नाही, पाठ झालाय

वैमानिकाच्या लेखी परीक्षेची तयारी कशी करायची, असं पुण्यातल्या कुणाही उमेदवाराला विचारा. उत्तर दोन शब्दांत मिळतं: बँक मार. बँक म्हणजे प्रश्नांची बँक. आधी परीक्षा देऊन बाहेर पडलेल्यांनी आठवून आठवून लिहिलेले प्रश्न, टेलिग्रामवर फिरणारी पीडीएफ आणि बरोबर पर्यायावर पिवळा हायलाइट. एका क्लासमध्ये तर मुलांना परीक्षेआधीच वाटून दिलं होतं: तू पहिले दहा लक्षात ठेवायचे, तू पुढचे दहा. पेपर फोडायची गरजच काय?

मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या पेपरांचा अभ्यास करतो. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम, टेक्निकल. पास व्हायला ७० टक्के, निगेटिव्ह मार्किंग नाही. कमर्शियल लायसन्स मिळालं की एअरलाइनमध्ये कॅप्टन होण्यासाठी पुढे एटीपीएलचे पेपर, त्यांनाही हाच खाक्या. माझं म्हणणं असं की या परीक्षेत आज समज नव्हे, पाठांतर तपासलं जातं. आणि याचा दोष पाठ करणाऱ्या मुलांचा नाही, पाठ करता येईल अशी परीक्षा घेणाऱ्यांचा आहे.

एक उदाहरण घ्या. लोहगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर आहे. एप्रिलची दुपार, पारा ४० वर. पुस्तकातल्या प्रमाण वातावरणात या उंचीवर तापमान असतं साधारण ११. म्हणजे हवा २९ अंश जास्त तापलेली. दर अंशाला १२० फूट धरले तर साडेतीन हजार फूट होतात. हवेचा दाब नेहमीचाच मानून ते मूळ उंचीत मिळवा: ५,४०० फुटांच्या आसपास. कळसूबाईची उंची तेवढीच आहे! विमानाची चाकं लोहगावच्या डांबरावर, पण पंखांना आणि इंजिनाला मिळणारी हवा मात्र कळसूबाईच्या माथ्यावर असावी तशी विरळ. धावपट्टी जास्त लागणार, चढ कमी मिळणार, वजनाचा विचार करावा लागणार. ही डेन्सिटी अल्टिट्यूड. एकदा असं कळलं की माणूस ते विसरत नाही. बँकेत त्याचं काय उरतं? 'तापमान वाढल्यास डेन्सिटी अल्टिट्यूड: वाढते. पर्याय सी.'

आणि हे कुठल्या शहरात? शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकातून आपण रोज हॉर्न वाजवत जातो. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून ते नाव. पाषाणला आयआयटीएम, तिथे मान्सूनवर अख्खं आयुष्य घालवणारी माणसं आहेत. हडपसरला खुद्द डीजीसीएचं ग्लायडिंग सेंटर. इंजिन नसलेलं विमान वर चढणाऱ्या गरम हवेच्या आधारावर कसं तरंगतं, ते समजून घ्यायला याहून चांगली जागा कुठली? या सगळ्याच्या मधोमध, एसी लावलेल्या खोलीत बसून पोरं वळवाच्या ढगांची उत्तरं ए-बी-सी-डीत पाठ करतात. खिडकीबाहेर ढग दाटलेले असले तरी पडदा बंद.

जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर उतरलं. विमानाचं नुकसान झालं, चौकशी लागली, आणि त्यातून कॅप्टनचं एटीपीएलचं गुणपत्रक बनावट असल्याचा आरोप पुढे आला. मार्चमध्ये अटक झाली. मग देशभरातल्या वैमानिकांची कागदपत्रं उपसली गेली, आणखी काही जणांना अटक झाली. तेव्हा सगळ्यांना धक्का बसला, आणि बसायलाच हवा होता. पण बनावट गुणपत्रक निदान पडताळता तरी येतं. बँक पाठ करून मिळवलेलं गुणपत्रक अस्सल असतं, शिक्क्यासकट. ते कुठल्या पोलिसाने आणि कशाशी पडताळायचं?

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'अरे, लेखी ही नुसती फॉर्मॅलिटी. खरं शिक्षण विमानात आणि सिम्युलेटरमध्ये.' अर्धं खरं आहे. पण ३१ मे २००९ ला रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान आठवा. वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला, विमान स्टॉल झालं. स्टॉलची सूचना वाजत होती आणि नाक वर ओढलेलंच राहिलं. २२८ माणसं गेली. 'स्टॉल कशामुळे होतो? अँगल ऑफ अटॅक' हा प्रश्न जगातल्या प्रत्येक वैमानिकाने कधी ना कधी बरोबर सोडवलेला असतो. उत्तर माहीत असणं आणि अंधारात, गोंधळात तीच गोष्ट ओळखता येणं यातलं अंतर सिम्युलेटर कमी करतं, हे मान्य. पण मुळात समजच नसेल तर सिम्युलेटर तरी कशावर उभा राहणार?

दुसरं उत्तर पैशाचं, आणि ते मला जास्त पटतं. उड्डाणाचं प्रशिक्षण ५० लाखांच्या घरात जातं. घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं, हप्ते सुरू होणार असतात. अशा मुलाला 'बाबा रे, आधी थर्मोडायनॅमिक्स समजून घे' असं सांगणारा मी कोण? बँक मारणं हा त्याच्यासाठी शहाणपणाचाच निर्णय आहे. फक्त ताजी बँक मिळते ती ताज्या ग्रुपमध्ये, आणि ग्रुप मिळतो फी भरल्यावर. लातूरमध्ये पुस्तकं घेऊन एकटी अभ्यास करणारी मुलगी कळसूबाईचं गणित मुळातून शिकते आणि पीडीएफवाल्यापेक्षा चार मार्क कमी पडून बाहेर राहते.

मग सगळे प्रश्न जाहीर करून टाकायचे का? अमेरिकेत एफएएने एके काळी प्रश्नसंच खुले ठेवले होते. लोकांनी तेही पाठ केले आणि शेवटी ते बंद करावे लागले. युरोपात बँकांचा सुळसुळाट आहेच, पण तिथे निदान एरिया १०० केएसए नावाचा भाग आणला: प्रशिक्षण संस्थेनेच उमेदवाराला प्रसंग देऊन विचार करायला लावायचं, तोंडी हिशेबही तपासायचे.

आपल्याकडे परीक्षा आधीच कॉम्प्युटरवर होते, त्यामुळे माझ्यासारख्या माणसाचा तर संतापच होतो. प्रत्येक उमेदवाराला वेगळी उंची, वेगळं तापमान, वेगळा वारा देणं हे फ्रेशरला पहिल्या महिन्यात सांगावं इतपत काम आहे. एकाला लोहगाव, दुसरीला नाशिक, तिसऱ्याला लेह. पर्याय काढून टाका, आकडा टाइप करायला लावा. नेव्हिगेशन आणि परफॉर्मन्सच्या गणितांपासून सुरुवात करा. नियमांचा पेपर राहू दे पाठांतराचा, तो तसाच असतो. क्लासवाले ओरडतील की निकाल घसरेल. एकदोन सत्रं घसरेलही. घसरू दे.